न दुखणारा पाय

घोडी गवत खात होती. ते पाहून डॉ. तनुजा ओव्हाळ जागीच थबकली.

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. अर्ध्या तासापूर्वी ट्रेनर विक्रमचा फोन आला होता. "ठकीचा पाय गेला. या. ते इंजेक्शनही घेऊन या." कोणतं इंजेक्शन, हे तनुजाला विचारावं लागलं नाही. खराडीच्या पलीकडे नदीकाठी असलेल्या या खासगी सराव ट्रॅकवर ती सहा वर्षं घोड्यांची डॉक्टर होती. ते इंजेक्शन तिने याआधी तीनदा दिलं होतं.

शर्यतीच्या कागदांवर या तांबूस घोडीचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. इथे सगळे तिला ठकी म्हणत.

ठकीच्या पुढच्या उजव्या पायाचं खूर भलत्याच दिशेला वळलं होतं. पट्टी रक्तामातीने माखली होती आणि तिच्या खालून हाडाची पांढरी कड दिसत होती. असा पाय मोडलेला घोडा घामाने निथळतो, थरथरतो, तो पाय जमिनीला टेकवतच नाही. ठकीने तो पाय खाली टेकवला होता. कचरूच्या हातातलं गवत ती रोजच्यासारखं ओढून खात होती. कचरू तिचा मोतद्दार, तिची देखभाल करणारा. तो रडत होता, पण हात हलू देत नव्हता.

तनुजाने सोबत आणलेल्या मशिनवर एक्स-रे काढला. खुराच्या वरच्या हाडाचे आठ तुकडे झाले होते.

"वाचेल?" विक्रमने विचारलं.

"नाही."

"मग उरका. उगाच ताटकळत ठेवू नका तिला."

"मालकांची सही लागेल."

विक्रमने नुसती मान वळवून दाखवलं. कठड्यापाशी हिंदुराव उभे होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळावर खंडोबाचा भंडारा. तसाच पिवळा पट्टा ठकीच्याही कपाळावर होता. ट्रॅकवर आले की आधी घोडीला भंडारा लावायचा आणि मगच कुणाशी बोलायचं, हा त्यांचा नेम. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गाडीत पुढच्या सीटवर त्यांच्या पत्नी तुळजाबाई शाल लपेटून बसल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं त्यांचं. त्या आज पहिल्यांदाच ट्रॅकवर आल्या होत्या.

"अण्णा, तिला सोडवायला हवं," तनुजा म्हणाली.

"सही न्हाई करनार मी."

"हाडाचा चुरा झालाय. जखमेत माती गेलीय. घोडा महिनोन्‌महिने आडवा पडून राहू शकत नाही. तीन पायांवर उभा राहिला तर उरलेले पायही जातात."

"मानसाला प्लास्टर घालता, रॉड टाकता. हिलाच का न्हाई?" हिंदुरावांनी घोडीकडे हात केला. "आन दुखतंय कुठं तिला? गवत खातीया की. जिला दुखतंय ती गवत खाईल व्हय?"

तोच प्रश्न तनुजालाही पडला होता.

ती घोडीपाशी परतली. पिशवीतून चिमटा काढून तिने आधी चांगल्या पायाच्या टाचेला दाबला. ठकीने पाय झटकन उचलला. मग मोडलेल्या पायाच्या टाचेला दाबला. काहीच नाही. आणखी जोरात दाबला. ठकीने कानसुद्धा हलवला नाही.

तनुजाने कात्रीने पट्टी कापली. सांध्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, रक्ताचा एकेक सुकलेला ठिपका होता. सुईची भोकं. मोठी, जाड सुईची. त्यांच्याभोवतीचे केस पिवळट दिसत होते. तिने वाकून वास घेतला. औषधाचा वास नव्हता.

"ही पट्टी कोणी बांधली, कचरूमामा?"

"म्या. पावणेसहाला."

"बांधताना काही दिसलं?"

"बत्तीच्या उजेडात बांधली, डॉक्टर. रोजचा हात, रोजची पट्टी. नीट बघितलं न्हाई." त्याने ठकीपुढे गवताची नवी मूठ धरली. "बघायला पायजे होतं."

"त्याआधी तिच्याजवळ कोण होतं?"

"साडेचारला दाना घातला. पाचला चहाला गेलो, सव्वापाचला आलो. तेवढ्यात कोन आलं आसंल तर ठावं न्हाई. ही परक्याला जवळ येऊ देत न्हाई पन. लाथा झाडती."

तनुजाने घड्याळ पाहिलं. साडेसात.

बाकावर पूर्वा बसली होती. सकाळी ठकीवर तीच स्वार होती. तिच्या गळ्याचं हाड मोडलं होतं आणि ती ॲम्ब्युलन्सची वाट पाहत होती.

"घोडी लंगडत होती का, पूर्वा?"

"अजिबात नाही. उलट एकदम फ्री. तीन आठवड्यांत इतकी छान चाललीच नव्हती. मला वाटलं, रेस्टचा फायदा झाला."

"तिला आज पळवायचं ठरलं होतं?"

"नाही, फक्त चालवायची होती. अण्णा म्हणाले, एकच राउंड जोरात घे. विक्रम सर नको म्हणत होते. पण मी तिला ट्रॉट करून, दुडक्या चालीने चालवून दाखवली; ती क्लीन होती, जराही लंगडली नाही. मग ते गप्प बसले." पूर्वाने ओठ चावला. "वळणावर कडकन आवाज आला. मला वाटलं, माझंच काहीतरी तुटलं."

तनुजाने विक्रमला बाजूला घेतलं. "तिच्या पायात भुलीचं औषध आहे. तुम्ही दिलंत?"

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" विक्रम फाडकन म्हणाला. "तीन महिने विश्रांती तुम्ही लिहून दिलीत. कागद माझ्या टेबलावर आहे. मला पळवायचीच असती तर तो कागद मी भिंतीला चिकटवला असता का?"

"मग एवढी घाई का करताय?"

विक्रमने नजर दुसरीकडे वळवली. "कारण ती माझ्याकडे बघतेय."

ते खरं होतं.

तनुजा गाडीपाशी गेली. तुळजाबाईंचे पाय सुजलेले होते. चपला पायांतून काढून ठेवल्या होत्या.

"बाई, पाणी हवंय का?"

"पानी मोजून प्यावं लागतं, पोरी. ऱ्हाऊ दे." त्यांची नजर घोडीवरून हलत नव्हती. "बरी व्हईल का वं ती?"

"तुम्ही अण्णांबरोबरच आलात का?"

"न्हाई. मला डायवरनं आनलं सहाला. हे कवाच पुढं आलते, अंधारातच. म्हनले, तू ये मागनं, मी तिला तयार करतो."

तनुजाने गाडीच्या दारावर हात टेकवला. हे कोणी केलं, ते तिला कळलं होतं. कळून उपयोग काहीच नव्हता.

ती हिंदुरावांकडे वळली. विक्रम आणि पूर्वा तिथेच होते. कचरू घोडीपाशी.

"अण्णा, तुम्ही किती वाजता आलात?"

"हिच्याबरूबरच. सहाला."

"पट्टीच्या आत भंडारा आहे, अण्णा."

हिंदुरावांचा हात कपाळाकडे गेला.

"कपाळावर रोजच असतो. पण पावणेसहाला कचरूमामांनी पट्टी बांधली आणि भंडारा तिच्या आत आहे. म्हणजे त्याआधी कुणीतरी तिच्या पायाला हात लावला होता. कचरूमामा असलं काही लावत नाहीत. इथले बाकीचे सुई टोचली तर औषधाचा बोळा लावतात, भंडारा नाही. परक्याला ती जवळ येऊ देत नाही, म्हणजे माणूस ओळखीचा होता. भोकं एवढी मोठी, की सुई घोड्याची नाही, गोठ्यातली आहे. म्हशीला टोचायची. तुमच्या गोठ्यात आहे तसली. आणि तुम्ही सहाला नाही, अंधारात आलात. हे मला तुळजाबाईंनी सांगितलं. त्यांना कल्पना नाही मी का विचारलं त्याची."

"अण्णा?" विक्रम एवढंच म्हणाला.

"औषध कुठलं, तेही सांगते," तनुजाचा आवाज खाली आला. "माझंच. तीन आठवड्यांपूर्वी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायला मी हाच पाय बधिर केला होता. तुम्ही शेजारी उभे होतात. दहा मिनिटांत लंगडणारी घोडी नीट चालायला लागली. तुम्ही विचारलंत, नस कुठून जाते. मी बोट ठेवून दाखवलं. नंतर ट्रेमधली एक बाटली कमी भरली. मला वाटलं, फुटली असेल. मी शोधली नाही."

हिंदुरावांनी टोपी काढली आणि हातात धरली.

"मला वाटलं, दुखायचं थांबलं म्हंजी बरं हाय," ते म्हणाले. "तुमी हाडाला बारीक चीर हाय म्हनला. केसासारखी. केसासारख्या चिरंनं काय व्हनार? एक राऊंड. फकस्त एकच राऊंड पळवायची, मग ठेवा तीन महिने." त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. "ही म्हनली, ठकीला एकदा पळताना बघायचीया. तीन महिने थांब कसं सांगू तिला? हाईत का तिच्यापाशी तीन महिने?"

पूर्वाने गाडीकडे पाहिलं.

"दुखणं तिचा पहारेकरी होतं, अण्णा," तनुजा म्हणाली. "दुखलं असतं तर ती स्वतःच थांबली असती. आताही ती शांत आहे ती औषधामुळे. ते आठपर्यंत उतरेल. मग तुम्हाला दिसेल तिला दुखतंय की नाही."

"तुमी आनखी टोचा. भूल लावा."

"पाय बधिर राहिला तर ती त्यावर उभी राहणार आणि उरलेलंही चिरडणार. मी तिचं दुखणं थोडं पुढे ढकलू शकते. थांबवू शकत नाही."

पावणेआठला ठकीने गवत सोडलं.

कचरूने दुसरी मूठ पुढे केली. तिने तोंड फिरवलं. मानेवरून थरथर उतरली. तिने पहिल्यांदाच तो पाय उचलला आणि खाली ठेवायला गेली तेव्हा असा आवाज काढला की पूर्वाने चांगल्या हाताने तोंड झाकून घेतलं.

"आना कागद," हिंदुराव म्हणाले.

त्यांची सही वाकडीतिकडी आली. मग ते ठकीपाशी गेले आणि तिचं डोकं छातीशी धरलं. कचरू दुसऱ्या बाजूला होता. तनुजाने आधी गुंगीचं औषध दिलं आणि मग दुसरं. चारशे किलोचा तो देह गुडघ्यांवर आला आणि कुशीवर कलला. तिने छातीला स्टेथोस्कोप लावला आणि थांबून राहिली. "गेली," ती म्हणाली. आठ वाजायला पाच मिनिटं होती.

"मला हे सगळं लिहावं लागेल," ती हिंदुरावांना म्हणाली. "तुमचं नाव. माझी बाटली. पूर्वाची दुखापत."

"लिवा. पोरीचा जीव गेला असता. लिवाच."

ते गाडीकडे निघाले. तनुजा चार पावलं मागून गेली, ते पडतील असं वाटून. काच खाली होती. तुळजाबाईंनी सगळं पाहिलं होतं.

"तुला बघायची हुती ना पळताना," हिंदुराव म्हणाले. "म्हनून केलं मी. म्याच टोचलं तिला."

तुळजाबाई त्यांच्याकडे वळल्या.

"पळताना कवा म्हनलं मी?" त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, ठकीला एकदा बघायचीया. तुमी रोज सांगता तिचं म्हनून. नुसती हुबी आसती, तरी बघितली आसती की."

हिंदुराव दाराला धरून उभेच राहिले. ड्रायव्हरने दबकत सांगितलं, "अण्णा, नऊला डायलिसिस हाय."

तुळजाबाईंनी हात लांबवून मागचं दार उघडण्याचा प्रयत्न केला, पण तो पोचेना. तनुजाने पुढे होऊन दार उघडलं.

"बसा आता," तुळजाबाई त्यांना म्हणाल्या.