लिंबूटिंबू

बेकरीतल्या अनोळखी माणसाने शरयू बोंद्रेच्या भुवईवरची जुन्या खोकेची खूण पाहिली आणि तो खदखदून हसला.

“काय गं लिंबूटिंबू, आज तरी रिमोटची वायर लावलीस का?”

असे लोक तिला आता कुठेही भेटत.

रायवळ आंब्यावर हापूसची काडी बांधावी, तशी एकाची आठवण दुसऱ्याच्या मेंदूत रुजवता येऊ लागली होती. याला स्मृतिकलम म्हणत. आठवण काढली, की ती काही काळ मऊ पडते आणि मेंदू तिला पुन्हा घट्ट करतो; त्या मऊ अवस्थेत तिचा आराखडा टिपता येतो. जुने व्हिडिओ गेम ज्यांनी कधी हाताळले नव्हते, त्यांना त्यांची हुरहूर हवी होती. बर्फावरच्या हॉकीला विशेष मागणी, आणि त्यातही शरयूच्या भावाच्या, हेरंबच्या कलमाला: फुंकर मारून बसवलेली कॅसेट, टीव्हीसमोरची सतरंजी, आणि शेजारी जीव तोडून बटणे दाबणारी धाकटी बहीण, जिचा रिमोट जोडलेलाच नव्हता.

शरयूच्या आठवणीत मात्र अंतिम सामन्यातला गोल तिचा होता. हेरंबला तिने आयुष्यात हरवले, ते तेवढे एकदाच.

तिने फोन केला, तेव्हा हेरंब म्हणाला, “खेळात घेतलं होतं ना तुला? मग?”

ती कलमकेंद्रात डॉ. निमकरांसमोर जाऊन बसली. “माझा चेहरा पुसून टाका त्यातून.”

“आठवण म्हणजे फोटो नव्हे, बाई, की कोपरा कापला. तिची सगळी गोडी तुमच्यावर उभी आहे.”

“गोडी? मला फसवण्याची?”

“हो. हुरहुरीत दया असतेच असं नाही.”

“मग माझी आठवण घ्या. तिच्यात मी जिंकते.”

“तुमचा आनंद खरा आहे, गोल नाही. खोटं कलम आम्ही देत नाही.”

“तुमच्या तक्रार समितीकडे जाईन मी.”

“जरूर जा,” निमकर म्हणाले आणि त्यांनी ओठ घट्ट दाबले.

ते हसू दाबत होते. शरयूने ते हसू ओळखले. “तुम्हीही लावून घेतलंय?”

“ज्या कलमाचा निर्णय द्यायचा, ते आधी स्वतःला लावावं लागतं. समितीलाही तोच नियम.”

समितीच्या लांब टेबलामागे तेच हसू ओळीने बसले होते. अध्यक्षबाईंनी मायक्रोफोन प्रेमाने तिच्यापुढे सरकवला. “बोल गं. अगदी मनसोक्त बोल.”

शरयू बोलली. मुद्देसूद, आवाज न चढवता. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटच्या वाक्याशी तिची नजर खाली गेली.

मायक्रोफोनची वायर टेबलाखाली नुसतीच लोंबत होती.