हिरव्या शिपायाचा खून

"माझ्या शिपायाचा खून झालाय," खुर्चीत टेकायच्या आधीच लिंडन प्रॉसर म्हणाला.

डेसने घाईघाईने तोंडात कवळी बसवली. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या दुपारच्या उकाड्यात तो ती काढूनच ठेवायचा, आणि अशिलं नेमकी तेव्हाच टपकायची. खाजगी तपासनीस मर्ल ट्रँटर ही त्याची मेहुणी आणि मालकीणही. एके काळची लष्करी पोलीस, जिभेने तिखट.

"कुठल्या पलटणीतला?" तिने विचारलं.

"खेळातला."

डेस फिस्सकन हसला. मर्लने डोळे वटारले तसा गप्प झाला.

दर शनिवारी क्लबाच्या मागच्या खोलीत चौघं जमत. ओवेन गोष्ट रचून खेळ चालवायचा, बाकीचे तिघं त्यातली पात्रं व्हायचे. जादूगार आणि ड्रॅगनच्या त्या दुनियेत लिंडनच्या मुलाने, जॅरडने, हट्टाने एक रायफलवाला शिपाई घुसवला होता. स्वतः फौजेत होता ना! पुढे सरावात ट्रक उलटून जॅरड गेला. तेव्हापासून दोन वर्षं तो शिपाई म्हातारा लिंडनच खेळत होता. शिपायाचं नावही जॅरडच.

"बंदूक फार जोरकस, म्हणून ओवेनने नियम लावला. फाशावर एक पडला की गोळी अडकते. परवा ड्रॅगनसमोर ओळीने एकच पडत गेला. जॅरडचाच फासा, असा कधी वागला नाही. कुणीतरी बदललाय! ओवेन म्हणतो, लबाडी सिद्ध कर, मरण रद्द. नाहीतर..." लिंडनने खिशातून एक हिरवा फासा काढून तिच्यापुढे ठेवला. "नाहीतर पोरगं दुसऱ्यांदा गेलं म्हणायचं, बाई."

"फाशाला हात कोण कोण लावतं?"

"कुणी नाही! दुसऱ्याच्या फाशाला शिवलं की त्याचं नशीब उतरतं. आमच्यात हे सोवळं कडक असतं."

मर्लने वीस पैलूंचा तो फासा उचलून टेबलावर टाकला. एक. पुन्हा टाकला. एक. मग चाकूच्या टोकाने तिने कड खरवडली. हिरव्या रंगाखाली गुलाबी निघालं.

"डेस, हा रंग ओळखीचा वाटतो?"

"पोरींच्या खेळण्यातला असेल."

"रोज आरशात बघतोस, आणि तरी!" एवढंच म्हणून तिने फासा खिशात टाकला.

पिप ही खेळातली जादूगारीण. तिने काही लपवलं नाही. "मला ती बंदूक डोळ्यांपुढे नको होती. मी मरमर करून मंत्र जमवायचे, आणि लिंडननी ठो केलं की काम तमाम! पण त्यांचा फासा मी चिमट्यानेसुद्धा उचलणार नाही. त्या दिवशी टीगनच्या कोपराने तो टेबलाखाली पडला, तर आम्ही पाय वर घेऊन बसलो."

"उचलला कोणी?"

"तिनेच. म्हाताऱ्याचा गुडघा वाकत नाही. आणि जॅरडची बायको ती, घरचीच. तिचं शिवणं कुणी धरत नाही."

"खेळात ती कोण?"

"वैदू. मोजकेच मंत्र असतात, ते टाकून सगळ्यांना वाचवते. माझं नशीब बघा, एरवी जॅरडसाठी राखलेला तिचा शेवटचा मंत्र नेमका माझ्यावर खर्ची पडला. तोही ड्रॅगन दारात असताना, खरचटलेल्या बोटासाठी!"

ओवेनचं मासेमारीच्या सामानाचं दुकान. बरणीत गळाच्या शिशाच्या गोळ्या दिसताच, फासा एका बाजूने जड करायला हेच लागतं म्हणून, डेसने मर्लला कोपर मारलं.

"शिसं या गावात दर दुसऱ्या घरी मिळेल," ओवेन चिडून म्हणाला. "मला तो शिपाई मारायचा असता तर फासा कशाला बदलू? ड्रॅगन माझाच आहे. एक फुंकर मारली असती."

टीगन दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासत होती. तिने चहा दिला, हात पुसले, आणि फक्त एवढंच म्हणाली, "लिंडनना वाईट वाटेल असं काही करू नका. त्यांचं दुसरं आहे कोण?" किती गुणाची पोर, असं डेस परतताना दोनदा म्हणाला.

शनिवारी तिने चौघांना खेळाच्या टेबलाशीच बसवलं. करवतीने फाशाचे दोन तुकडे केले. आत शिशाचा कण होता.

"ओवेनला फाशाची गरज नव्हती. पिपला बंदूक नको होती, पण ती फाशाला शिवली नाही. शिवू शकत होती ती एकच, जिचं शिवणं तुम्ही मोजतच नाही. फासा पडला नाही, पाडला. वर आला तो दुसराच. हा गुलाबी मसाला कवळीच्या हिरडीचा. डेसच्या तोंडात आहे, बघून घ्या. आणि जिने आजवर शेवटचा मंत्र जॅरडसाठी राखला, तिने त्या दिवशी तो खरचटलेल्या बोटावर उधळला. शिपाई वाचू नये म्हणून."

लिंडन सुनेकडे बघत राहिला. "टीगन? तू?"

"दोन वर्षं!" ती म्हणाली. "दोन वर्षं तुम्ही त्याच्या आवाजात मला हाक मारता, लिंडन. 'टीग, मला वाचव.' मी मंत्र टाकते, हसते, आणि घरी जाऊन ओकते. मी त्याला एकदा पुरलंय. दर शनिवारी तुम्ही उकरून काढता. तोंडावर कसं सांगणार होते? मी नाही आले तर तुम्ही जेवतसुद्धा नाही. म्हटलं, ड्रॅगनने नेला तर कुणाचा दोष नाही. एकदा रडाल आणि संपेल."

पिपने मान खाली घातली. म्हातारा खुर्चीतून अर्धवट उठला. आता त्याला कळेल, आता तो तिच्या डोक्यावर हात ठेवेल, असं डेसला वाटलं. मनापासून वाटलं.

"म्हणजे लबाडी सिद्ध झाली," लिंडन म्हणाला.

"अहो लिंडन, ऐकलंत ना ती काय..."

"तू शब्द दिला होतास, ओवेन. मरण रद्द."

ओवेनने टीगनकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि कशीबशी मान हलवली.

मर्लने पिशवी उचलली. खरं शोधून काढल्याची एवढी लाज डेसने तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. दोघं दाराशी पोहोचले तेव्हा म्हाताऱ्याने शिशाचा इवलासा हिरवा शिपाई खेळाच्या नकाशावर उभा केला होता. मग त्याच्या तोंडून एक तरुण, हसरा आवाज निघाला.

"टीग, मला लागलंय गं. वाचवतेस ना?"

टीगनने खुर्ची पुढे ओढली.