दोन्ही चालतील

"हे स्पष्ट दिसतंय, की हे?" चष्मेवाल्याने भिंग बदलत विचारलं.

नाकावरची जड चौकट मी सावरली. "दोन्ही चालतील."

"दोन्ही कशी चालतील? नीट बघा. हे... की हे?"

"तुम्हाला सोपं पडेल ते द्या ना."

तो थांबला. चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर, आणि मला मेला धूसर दिसत होता. "बाई, डोळे तुमचे आहेत. माझी सोय काय बघताय?"

सुईत दोरा जाईना म्हणून मी रफूचं दुकान अर्ध्या तासासाठी बंद करून समोर त्याच्याकडे आले होते. खरं तर दुसऱ्या भिंगातून अक्षरं जास्त ठळक होती. पण तो केव्हाचा उभा, बाहेर बाकावर एक आजोबा ताटकळलेले... उगाच कशाला छळायचं? म्हटलं, "पहिलंच द्या."

आमच्या घरात मी गुणी. खिडकीची जागा दादाची, नवी दप्तरं दादाची. 'आई'नंतर मी बोलले तो दुसरा शब्द बहुधा 'चालेल' असावा.

पंधरा दिवस डोकं ठणकलं. सोळाव्या दिवशी एक वकील त्यांचा काळा कोट परत घेऊन आले. मी त्याचं कोपर गडद निळ्या धाग्याने रफू केलं होतं. निमूट कोट ठेवून घेतला आणि समोर गेले.

"पंधरा दिवस दुखत होतं, आणि आज आलात?"

"तुम्हाला परत काम पडलं असतं."

"वा. त्याग तुम्ही केलात, भोगलं त्या कोटाने."

मला हसू आलं. त्याला नाही आलं. त्याने पुन्हा चौकट चढवली आणि भिंगामागून भिंग बदलत राहिला. "नाही," मी म्हणत गेले, "आधीचं बरं होतं." एका पुरुषाला ओळीने नऊ वेळा नाही म्हटलं, तरी आभाळ जागच्या जागी राहिलं.

"आता?"

"आता दिसतंय."

"काय?"

"तुम्ही हनुवटीखाली नीट दाढी करत नाही."

तो लाजला – चाळिशीतला माणूस, कानापर्यंत लाल.

मग चहा सुरू झाला, कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे. एक ते दोन तो दार लावून जेवायचा, कुणी कितीही ठोठावलं तरी. मी त्याला आपमतलबी म्हटलं. तो म्हणाला, "रिकाम्या पोटी मी नंबर चुकवतो. मग तो परोपकार कोण निस्तरणार?" यावर मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

आणि दादाचा फोन आला. वहिनीला दिवस गेलेत, तू वर्षभर ये, दुकान काय, बंद ठेव. जिभेला वळणच तसं. "चालेल," म्हणून गेले.

चष्मेवाल्याला सांगितलं, तेव्हा तो एकच भिंग बराच वेळ पुसत राहिला.

"जा... मी थांबेन. मला चालेल."

"माझ्याकडे बघून सांगा."

त्याने पाहिलं. "नाही चालणार. अजिबात नाही. पण भावाच्या घरचं काम, मी आडवं कसं यायचं?"

"तुम्ही येऊ नका. माझं मी बोलते."

तिथूनच फोन लावला.

"दादा, वर्षभर नाही येणार. बाळ झालं की तीन आठवडे येईन, जागरणं सगळी माझी. पुढे तू सुट्टी काढ."

"मी? तू अशी नव्हतीस गं. स्वार्थी झालीस."

लागलं. चांगलंच लागलं. नेहमीचा शब्द ओठांपर्यंत आला, तो गिळला.

"थोडी झाले. वर्षभर कुढत राहण्यापेक्षा तीन आठवडे मनापासून करीन."

खरखर झाली. फोन वहिनीने घेतला होता. "वन्सं, बरं झालं बाई. मला पहिल्यापासून माझी आईच हवी होती. पण तुम्ही इतक्या हौसेने हो म्हणालात, म्हटलं कशाला मन मोडा."

मागून दादा कुरकुरत होता, सुट्टी कुठून काढू म्हणून. ती त्याला काढावीच लागणार होती.

फोन ठेवला. चष्मेवाला खाकरला. "मलाही एक विचारायचं होतं... पण आज दमला असाल."

"विचारा."

"लग्न कराल माझ्याशी? नाही म्हणालात तरी..."

"तरी काय?"

"तरी मला वाईट वाटेल. बरंच."

किती सरळ बोलला. मनाचा मोठेपणा दाखवला असता, तर मी कदाचित घाबरले असते.

"दुकान सोडणार नाही," मी म्हणाले. "आई आत्ता माझ्याजवळ आहे, लग्नानंतरही राहील."

"बरं. आणि?"

"आणि हो."

"माझ्यासाठी म्हणत नाही ना?"

"छे," मी म्हणाले, "मला हवे आहात म्हणून."