अंगावर धातू नको

“अहो, ती गाडी जरा मागं घ्या ना... नाहीतर तुमच्या बुलेटलाच मी पाण्याची लाइन समजेन!”

शिरूरच्या आमच्या गल्लीत रश्मीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. झाली त्याला चार-पाच वर्षं. आता तिथं गुळगुळीत सिमेंटचा रस्ता आहे, पण खोदायच्या आधीची ती गल्ली अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्या लग्नाच्या वर्षी आलेला नळ, कधीकाळची टेलिफोनची केबल — खाली काय काय पुरलंय ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. म्हणून दौंडची ही पोरगी लांब दांड्याचं पिवळं मशीन जमिनीलगत धरून हळूहळू चालायची. मशीन खाली लहरी सोडायचं, लोखंड-तांबं लागलं की ‘कुंई’ करायचं, आणि ती तिथं रंगाची रेघ मारायची.

बुलेट माझ्या भाच्याची, सम्राटची. रांजणगावच्या कंपनीत कामाला, राहायला माझ्याकडे. त्यानं गाडी मागं घेतली, पण स्वतः तिथंच उभा.

“आता का वाजतंय?”

“तुमच्या पट्ट्याचं बक्कल.”

“मग काय... पट्टा काढू?”

“नको. तुम्हीच लांब व्हा.”

ती हसली नाही. रेघ मात्र वाकडी आली.

सम्राटनं लगेच दुसरी पाळी मागून घेतली. सकाळी ओट्यावर पेपर उघडून बसायचा. पान काही उलटायचा नाही. शेवटी मीच म्हणाले, “गळ्यात काही नाही, पायात जोडवी नाहीत. लग्न झालेलं दिसत नाही. बोल की तिच्याशी!”

तो खुलला. पाणी द्यायच्या निमित्तानं गेला आणि तोंड पाडून परत आला.

“आत्या, काम करताना अंगावर धातू चालतच न्हाई म्हणं. मशीन फसतंय. सगळं काढून गाडीत ठेवती ती. आता वळखायचं कसं?”

“तोंडानं विचारून.”

“आन् ‘हाय लग्न झालेलं’ म्हणली तर?”

युनियनच्या मीटिंगमध्ये टेबल बडवून बोलणारा गडी, पण हा एक प्रश्न काही त्याच्या तोंडून निघेना. मला कळत होतं. विचारलं नाही तोवर रोजची सकाळ त्याची होती.

मग काम संपलं. “उद्यापासून दौंडला,” म्हणत रश्मी आमच्या ओट्यावर टेकली. मशीन पेटीत गेलं आणि तिनं एक कापडी बटवा उघडला. सम्राट दारात खिळलेला, मी चहा गाळत होते. आधी घड्याळ निघालं. मग कानातले. मग बुद्धाचं छोटं पदक असलेली चांदीची साखळी. बटवा तिनं उलटा करून झटकला.

सम्राटनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. तिलाही.

“झालं बघून?” ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला.

“होतं मंगळसूत्र,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण ते काढलं... ते मशीनसाठी नाही. अपघातात गेले ते.”

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरलं तेव्हा मी तिच्याच वयाची होते. एकजण मला विचारायला आला होता या ओट्यापर्यंत. त्यानं आधी गल्लीकडे पाहिलं... आणि तसाच निघून गेला.

रश्मी साखळी घालू लागली. बोटं निळ्या रंगानं चिकट झालेली, कडी काही लागेना.

“मी... लावू?” सम्राट पुढं झाला.

“अख्खी गल्ली बघतीय.”

“बघू द्या.”

“आणि घरचे?”

सम्राटनं माझ्याकडे पाहिलं. तीसुद्धा पाहत होती.

“घरची मीच,” मी म्हणाले. “लाव बाबा लवकर, चहा निवतोय.”

रश्मीनं मान खाली घातली. मग तिनं वेणी पुढं घेतली.