धूळ नसलेली क्लिप

येरवड्याच्या चौकात अभयची गाडी आचके देत बंद पडली, तेव्हा मागच्या रिक्षावाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साल दोन हजार चार, ऑगस्टची भुरभुर चालू, आणि सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून आयटीत आलेला हा मुलगा बॉनेट उघडून इंजिनाकडे नुसता बघत उभा. मंडईतून भाजी घेऊन बसमधून उतरलेल्या नंदाला त्याची दया आली... आणि थोडं हसूही.

"बघत राहिल्याने ती सुरू होणार नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला समजते गाडीतलं?"

"समजतं. पुढच्या गल्लीत आमचं गॅरेज आहे. मी स्टीअरिंग धरते, तुम्ही ढकला."

त्याने निमूट ढकलली. धापा टाकत, ओल्या केसांतून पाणी गळत असताना तो गॅरेजच्या दारात पोचला, तेव्हा नंदाच्या मनात आलं, ढकलतो मात्र मनापासून.

नंदाचे वडील बाबुराव आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगत. पण नव्या गाड्यांत सगळा कारभार कॉम्प्युटरचा. म्हणून डिप्लोमा झाल्यावर नंदाने हट्टाने गॅरेजमध्ये गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर आणला होता. बाबुरावांनी अट घातली होती, "दिवाळीपर्यंत चालवून दाखव. केलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली नाही, तर गॅरेज तुझं. नाहीतर मशीन परत, आणि तू मामाने बघितलेल्या नोकरीवर." नंदाला नोकरी नको होती. तिला हेच हवं होतं, तेलकट हातांसकट.

स्कॅनरने सांगितलं, इंजिनाची उष्णता मोजणारा सेन्सर खराब. दुसऱ्या कुणी लगेच बदलला असता. नंदाने आधी त्याच्या वायरीवरून बोटं फिरवली, आणि एका पट्टीला घासून सोललेली जागा सापडली.

"मशीन कुठे दुखतंय ते सांगतं. का दुखतंय, ते हाताने शोधायचं," ती म्हणाली. "हा टॉर्च धरा. अजून जवळ... माझ्या डोळ्यांवर नको, वायरीवर."

"सॉरी," अभय म्हणाला, पण उजेड तिथून हलायला जरा वेळच लागला.

वायर दुरुस्त झाल्यावर, जाताना त्याने खूप प्रश्न विचारले. तिनेही हौसेने दाखवलं, "ही क्लिप दाबली की सेन्सरची वायर सुटते."

नऊ दिवसांनी तो परत हजर. "डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागून राहिला ना..."

क्लिप सुटलेली होती. आपणच नीट बसवली नसणार, म्हणून नंदा स्वतःवर चिडली. तिने ती घट्ट बसवली. अभय मात्र चहा घेत तासभर रेंगाळला. नागपूरच्या उन्हाच्या गोष्टी सांगून त्याने बाबुरावांनासुद्धा हसवलं. तो गेल्यावर गॅरेज एकदम मोठं वाटायला लागलं. नंदाला ते आवडलं नाही, आणि आवडलंही.

पुढच्या शनिवारी तीच गाडी, तोच दिवा. बाकावर बसलेल्या गोपाळकृष्ण काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, बोलायला कुणाची परवानगी लागत नसे. "काय हो बाबुराव, तुमचा कॉम्प्युटर अजून पहिलीतच आहे वाटतं?"

 बाबुरावांनी हातातला पाना शांतपणे खाली ठेवला. ते ओरडले असते तर नंदाला इतकी भीती वाटली नसती.

तिने बॉनेट उघडलं. स्कॅनर तेच सांगत होता, सेन्सरचा संपर्क तुटला. ती वाकून बघत राहिली. अभय वाघोलीच्या नव्या सोसायटीत राहायचा. तिथल्या बांधकामाची धूळ इंजिनभर बसली होती, नळ्यांवर, झाकणांवर, सगळीकडे. फक्त त्या क्लिपवर एका अंगठ्याएवढी जागा स्वच्छ होती.

 नंदाला राग आला. आणि त्या रागाच्या पोटात काहीतरी गोड... त्याचा तिला आणखी राग आला.

"बाबा, सेन्सर बरा आहे. वायरही. ही क्लिप कुणीतरी हाताने काढलीय."

"कोण काढेल?"

"ते स्कॅनरवर येत नाही," ती म्हणाली, आणि तिने अभयकडे बघितलं.

अभयचे कान लाल झाले. "मी काढली. दोन्ही वेळा. कोपऱ्यावर गाडी थांबवून."

"कारण?" गोपाळकृष्ण काकांनी विचारलं.

"गाडी नीट चालली तर इथे कशाला येऊ?"

"माझं गॅरेज जात होतं त्यात," नंदा म्हणाली.  "केलेली गाडी परत येता कामा नये, ही अट होती."

अभयचा चेहरा उतरला. तो बाबुरावांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, यांनी पहिल्याच दिवशी गाडी पक्की केली होती. चूक माझी आहे." मग तो नंदाकडे वळला. "मला तुम्ही आवडता. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हे करून राहिलो होतो. माफ करा... नाही केलं तरी चालेल."

बाबुराव चष्मा पुसून बॉनेटमध्ये वाकले. बराच वेळ त्यांनी ती क्लिप बघितली. "हे मला दिसलं नसतं," ते म्हणाले. "दिवाळीची वाट कशाला बघायची, नंदा? आजपासून तूच बघ गॅरेज."

नंदाने डोळे बाहीने पुसले, गालावर काळा पट्टा उमटला. मग तिने क्लिप बसवली, बॉनेट लावलं आणि किल्ली अभयच्या हातावर ठेवली.

"ही गाडी आता दुसऱ्या गॅरेजला न्यायची."

"कायमची?" त्याने विचारलं. 

"कायमची," नंदा म्हणाली. "गिऱ्हाइकाबरोबर मी फिरायला जात नाही."