तबकात राहिलेला लोलक

"खून झाला असता तर परवडलं असतं," बर्नाडीन ऑस्ट्रो खुर्चीत आदळत म्हणाली. "खुनाला निदान पोलीस येतात. इथे एक पिन हरवली म्हणून चाळीस पोरी एका पोरीला फाडून खायला निघाल्यात!"

ऑटिली क्राउझेनं अर्धं सँडविच कागदावर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. खाली हार्डवेअरच्या दुकानात कुणीतरी खिळे तोलत होतं. इंडियानातल्या त्या लहानशा कॉलेजगावात तिच्यासारख्या खाजगी गुप्तहेराला हरवलेली कुत्री आणि पळालेले नवरे यांपलीकडे काम नसे. त्यामुळे तिचा दीर हार्लन बीबी, निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर, खुशीत येऊन कॉफी ओतू लागला.

"कसली पिन?" त्यानं विचारलं.

"बिल्ला म्हण. पिन म्हटलंस तर त्या तुलाही फाडतील."

बर्नाडीन ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या, कॉलेजच्या मुलींच्या भगिनीमंडळाच्या घराची हाउसमदर, म्हणजे तिथे राहून घर सांभाळणारी बाई, होती. मुली तिला मॉम बी म्हणत. पगार मंडळाचा, पण ती मंडळाची सभासद नव्हती, आणि हे तिला रोज कुणी ना कुणी जाणवून देई.

"आज संस्थापिका दिन," ती सांगू लागली. "बँकेच्या लॉकरमधून संस्थापिकेचा बिल्ला वर्षातून एकदा बाहेर येतो. अठराशे सत्त्याऐंशीचा, कडेनं मोती. तो अध्यक्षेनं हृदयावर लावायचा. बिल्ल्याच्या शेजारी गार्ड, म्हणजे शाखेचं नाव असलेली छोटी दुसरी पिन. दोघांमध्ये बारीक साखळी. त्या साखळीला अध्यक्षेचा लोलक, सोन्याची इवलीशी हातोडी, तिच्यात खरा हिरा."

"बापरे," हार्लन म्हणाला. "एका बाईच्या छातीवर केवढा तो सरंजाम!"

"जीन्सवर बिल्ला लावायचा नाही. बिल्ला लावून दारू प्यायची नाही. परक्यानं हात लावायचा नाही. मार्चमध्ये व्हेरिटी हॉलोवे, इथली एक जुनी सभासद, वारली, तेव्हा शवपेटीतही तिच्या छातीवर बिल्ला होता. घराच्या सल्लागार मिसेस प्रूइटनी स्वतः लावला. मला चार हात लांब उभं केलं, का तर मी सभासद नाही. व्हेरिटीला मी नऊ वर्षं दर रविवारी ॲपल पाय करून खायला घातला होता!"

"आजचं सांगा," ऑटिली म्हणाली.

"जेवणानंतर संस्थापिकांच्या नावानं वाइनचा एक घोट घेतात. म्हणून आधी सगळ्यांनी बिल्ले काढून चांदीच्या तबकात ठेवायचे. तबक धरायला टॅमसिन लूमिस. अठरा वर्षांची, नवी. दारू पिण्याचं वय नाही आणि बिल्ला अजून मिळालेला नाही. घोट झाला, तबक परत आलं. संस्थापिकेचा बिल्ला गायब!"

"आणि गार्ड, लोलक?"

"दोन्ही तबकातच. साखळीसकट."

ऑटिलीनं कॉफीचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"खोल्यांची झडती घेतली, पिशव्या उलट्या केल्या. काही नाही. तरी मिसेस प्रूइटनी फर्मान काढलंय. आज पाच वाजता नव्या मुलींना बिल्ले द्यायचा विधी आहे. तोवर टॅमसिननं बिल्ला दिला नाही, तर तिला घराबाहेर काढणार. खोली जाणार, मंडळाची शिष्यवृत्ती जाणार. बापाच्या ट्रेलरमध्ये केंटकीला परत. कॉलेज संपलं. ती पोर चोर नाही हो! माझ्या स्वयंपाकघरातली एक कुकीसुद्धा विचारून घेते."

"एक सांगा. हे गार्ड असतं कशाला?"

"आता शोभेला. पण त्या जुन्या बिल्ल्याला मागे नुसता उघडा आकडा आहे, कुलूप-बिलूप नाही. कधीही निसटतो. गेल्या वर्षी जोसेलिन अध्यक्षा होती. तिला तो लावायला दोघी लागल्या. मी फक्त ब्लाउज धरला, हात लावायला बंदी. तरी सूप पिताना निसटलाच! गार्डाच्या साखळीला लोंबकळला म्हणून सूपमध्ये पडला नाही."

ऑटिली उठली. "हार्लन, गाडी काढ."

*

टॅमसिन स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसली होती. काळा साधा पोशाख, कॉलरला उमेदवारीची मुलाम्याची पिन. डोळे कोरडे होते. रडून झालं होतं बहुतेक.

"मी नाही घेतला," ती आधीच म्हणाली.

"मी विचारलंच नाही," ऑटिली पायरीवर टेकली. "तबक कुठे होतं?"

"हॉलमधल्या पियानोवर. वर रुमाल. मी शेजारी उभी. बाकी सगळ्या जेवणघरात."

"कोण आलं तबकापाशी?"

"तिघी. ब्लाइद आली, ती वाइन पीत नाही, तिनं आपला बिल्ला परत घेतला. मिसेस प्रूइट आल्या, त्यांचा ठेवायचा राहिला होता. मग अध्यक्षा कोरलिस, सगळं ठीक आहे ना बघायला."

"त्यांचे हात पाहिलेस?"

"नाही."

"अगं, शेजारी उभी होतीस ना?"

"नव्या मुलींनी बिल्ल्यांकडे टक लावून बघायचं नाही, मॅडम. पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते."

हार्लनला हसू आवरेना. "म्हणजे पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि चोरी झाली की पहारेकऱ्यालाच धरायचं! काय डोकं लावलंय!"

टॅमसिन हसली नाही. त्या घरात हसण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

*

कोरलिस व्हॅनडिव्हेंटर एकवीस-बावीस वर्षांची, ताठ, आणि भयंकर त्रासलेली.

"माझ्या वर्षातच हे व्हायचं होतं! एकशेतीसहून जास्त वर्षं टिकला आणि माझ्या छातीवरून गेला."

"छातीवरून नाही, तबकातून," ऑटिली म्हणाली. "काढलास कसा?"

"सोपं होतं. डाव्या हातात पेला होता. उजव्या हातानं मागचं चाक फिरवलं, पिन सुटली. मग गार्डची पिन. सगळं एकत्र तबकात ठेवलं."

"साखळी सोडवली नाहीस?"

"कोण सोडवतं? तिची कडी मुंगीएवढी असते. नखं हवीत, चष्मा हवा, वेळ हवा."

"आधी कधी लावला होतास हा बिल्ला?"

"छे! अध्यक्षेशिवाय कुणी लावत नाही. पहिल्यांदाच."

"घोट घेण्यापूर्वी काही विशेष झालं?"

"मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं, मी वाचून दाखवलं. उद्या सकाळी त्यांचा जवाहिऱ्या येणार आहे. प्रदर्शनासाठी जुने बिल्ले तपासून फोटो काढायचेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." कोरलिसनं कपाळाला हात लावला. "आता त्याला काय दाखवू? साखळी?"

*

ब्लाइद हॉलोवे जिन्यावरच भेटली. मंडळाच्या रिवाजानं ती टॅमसिनची नेमलेली 'थोरली बहीण'. धाकटीविरुद्ध लेखी तक्रार थोरलीनंच दिली होती. कागद अजून तिच्या हातात होता.

"दुसरं कुणी तिथे नव्हतंच," ती तोऱ्यात म्हणाली. "मग कोण घेणार?"

"तू होतीस की," हार्लन म्हणाला.

"मी? माझी आजी या घराची अध्यक्षा होती!"

"चोरांनाही आज्या असतात गं."

ब्लाइद लालबुंद झाली. ऑटिलीनं विषय बदलला. "तू एकटीनंच रोजच्या बिल्ल्याला गार्ड लावलेलं दिसतंय."

"आजीमुळे. व्हेरिटी आजी. चौऱ्याहत्तर साली ती बोटीवरून तळ्यात उडी मारून पोहली, बिल्ला लावलेलाच. वर आली तेव्हा गेलेला. गार्ड नव्हतं ना! पुन्हा करून घेतला नाही कधी. म्हणायची, दुसरा आणला तर तो माझा थोडाच." तिचा आवाज मऊ झाला. "अचानक गेली. दोन दिवसांत सगळं उरकावं लागलं. मिसेस प्रूइट तिच्या कॉलेजातल्या खोलीसोबतीण, त्यांनीच सगळं केलं. कपडे, फुलं, सगळं."

"नवीन बिल्ला करायला किती दिवस लागतात?"

"ऑर्डर दिल्यावर? दोन-तीन महिने सहज."

ऑटिलीनं मान हलवली. हार्लनला त्यात मान हलवण्यासारखं काही दिसलं नाही.

*

मिसेस युडोरा प्रूइट दिवाणखान्यात ताठ बसल्या होत्या. माजी सभासद, आता घराच्या सल्लागार. जांभळ्या रेशमी जाकिटावर बिल्ला. तो पुढे झुकत होता आणि त्या दर मिनिटाला बोटानं सरळ करत होत्या. पुन्हा झुकत होता.

"माझी पर्स मी सगळ्यांच्या आधी उघडून दिली," त्या म्हणाल्या. "तुम्हीही बघा."

"पर्सशी मला कर्तव्य नाही. लॉकरची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. बावीस वर्षं."

"चोरानं गार्ड आणि लोलक का सोडले असतील?"

"त्यांना काय किंमत आहे?"

"हातोडीत हिरा आहे म्हणे."

"ती विकायची वस्तू नाही!" मिसेस प्रूइट कडाडल्या. "तो लोलक एका अध्यक्षेच्या हातून दुसरीच्या हातात जातो. त्यात एकदाही खंड पडलेला नाही. युद्धात नाही, साथीत नाही. त्याला हात लावायची कुणाची छाती आहे?"

"चोराची असायला हवी होती," ऑटिली म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर हार्लन कुजबुजला, "ब्लाइद. पैजेवर सांगतो. तोंडच तसं आहे तिचं."

"हार्लन, तोंडावरून तू तीस वर्षं लोकांना लायसन्स दिलीस. म्हणून या गावात अपघात होतात."

*

साडेतीनला सगळ्या दिवाणखान्यात जमल्या. चाळीस मुली, चाळीस बिल्ले. टॅमसिन दाराजवळ, बर्नाडीन तिच्या शेजारी हाताची घडी घालून.

"पहिली गोष्ट," ऑटिली म्हणाली. "गार्ड, साखळी, लोलक आणि बिल्ला ही एकच वस्तू झालेली असते. घाईतला चोर मूठ मारतो आणि सगळं नेतो. या चोरानं कडी सोडवली. उभ्याउभ्या, रुमालाखाली, नखानं. आणि हिऱ्याचा लोलक मागे ठेवला. का?"

ऑटिलीनं चाळीस बिल्ल्यांवरून नजर फिरवली.

"कारण त्याला फक्त बिल्लाच नाहीसा करायचा होता. लोलक गेला असता तर अध्यक्षांची परंपरा तुटली असती. बाहेरच्या माणसाला त्याचं काय? टॅमसिनला या घरात येऊन आठ आठवडे झालेत. हिरा सोडून मोती नेण्याएवढी भक्ती आठ आठवड्यांत येत नाही."

"पण बिल्ला तरी कशाला न्यायचा?" कोरलिसनं विचारलं.

"तू तो एका हातानं काढलास. चाक फिरवून. मॉम बी, गेल्या वर्षीच्या बिल्ल्याला चाक होतं?"

"कुठलं चाक! उघडा आकडा! सूपमध्ये पडत होता म्हणून तर—" बर्नाडीन थांबली. "अगं बाई."

"जुन्या बिल्ल्याला कुलूप नव्हतं, म्हणूनच त्याला गार्ड लागायचं. आज कोरलिसच्या छातीवर होता तो नवा. नक्कल. आजच्या सोनारानं आजच्या पद्धतीचं चाक बसवलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण खरा बिल्ला जवळून बघायचीच तुम्हाला बंदी. तुमचे नियमच चोराचे साथीदार! मग जेवताना पत्र वाचलं गेलं. उद्या जवाहिऱ्या येणार. त्याला तर तो बघायची बंदी नाही."

खोलीत चुळबुळ झाली.

"लॉकरची किल्ली एकीकडेच आहे. आणि तबकापाशी आलेल्या तिघींपैकी ती एक आहे."

"मूर्खपणा!" मिसेस प्रूइट उभ्या राहिल्या. "मी खरा बिल्ला विकला म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. ब्लाइद, तुझ्या आजीचा बिल्ला कुठे आहे?"

"तळ्यात. सांगितलं ना."

"मग शवपेटीत तिच्या छातीवर कुठला होता?"

"मला वाटलं... मला वाटलं कुणीतरी आपला दिला..." ब्लाइद म्हणाली.

"दोन दिवसांत नवा मिळत नाही. मिसेस प्रूइटचा स्वतःचा त्यांच्या जाकिटावर आहे. म्हणजे शवपेटीत गेला तो संस्थापिकेचा. आणि हा जाकिटावरचा आज सारखा पुढे झुकतोय. पर्सची झडती होणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ती नक्कल रेशमाच्या आतल्या बाजूला, त्याच जागी लावलीय, तिच्या वजनानं तो झुकतोय. बरोबर हृदयावर. लपवतानासुद्धा नियम मोडला नाही."

मिसेस प्रूइटनी जाकिटात हात घातला. चाक फिरल्याचा आवाजही आला नाही. मोत्यांची नक्कल त्यांनी टेबलावर ठेवली.

"ती अध्यक्षा होती," त्या म्हणाल्या. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "तो बिल्ला तिनंही लावला होता. तिला मोकळ्या छातीनं मातीत कशी जाऊ देऊ? मी माझा दिला असता, पण मग माझ्या छातीवर नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. संस्थापिकेचा लॉकरमध्ये असतो. वर्षभर कुणी बघत नाही."

ब्लाइद रडायला लागली.

"मैत्रिणीसाठी नियम मोडलात, त्याचा मला राग नाही," ऑटिली म्हणाली. "या घरात नियम मोडणारं एक तरी माणूस निघालं. पण मेलेल्या बहिणीला एक दागिना कमी पडू नये म्हणून जिवंत पोरीच्या डोक्यावरचं छप्पर काढत होतात. आठ आठवडे तिला 'बहीण, बहीण' म्हणताय. आज दुपारी एकजण तरी तिच्या शेजारी जाऊन बसली का? बसली ती पगारी बाई. जिला तुम्ही शवपेटीपासून चार हात लांब उभं करता!"

बर्नाडीननं नाक पुसलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

मिसेस प्रूइट टॅमसिनकडे वळल्या. मग त्या स्वतःचाही बिल्ला काढून टेबलावर ठेवून बाहेर गेल्या.

कोरलिसनं घसा खाकरला. "टॅमसिन... पाच वाजता... येशील ना?"

सगळ्यांना वाटलं, आता ती उमेदवारीची पिन फेकून देणार. हार्लनला तर तशी आशाच होती.

"येणार," टॅमसिन म्हणाली. "मला खोली हवीय आणि कॉलेज हवंय. तुम्ही माझं नाव खराब केलंत, म्हणून मी केंटकीला जायचं? मी नाही जात."

ती ब्लाइदपुढे उभी राहिली. "कागद."

ब्लाइदनं कागद फाडला. दोनदा फाडला. मग नखांनी आपल्या गार्डची कडी सोडवायला लागली. "हे तू लाव. आजी म्हणायची, हरवत नाही."

"ठेव तुझ्याकडे," टॅमसिन म्हणाली. "तुला जास्त गरज आहे."

ती हॉलमध्ये गेली, पियानोवरचं चांदीचं तबक घेऊन आली आणि अध्यक्षेच्या हातात दिलं.

"पुढच्या वर्षी तुमच्यातलीच कुणीतरी धरा. आणि जी धरेल तिनं भिंतीकडे नाही, तबकाकडे बघायचं."

कोरलिसनं तबक दोन्ही हातांनी धरलं. त्यात साखळी आणि हातोडीचा लोलक अजून तसाच पडला होता. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच, चाळीसच्या चाळीस जणी त्याच्याकडे नीट बघत होत्या.