उलटं बसवलेलं सील

रविवारी दुपारी वर्कशॉप बंद असताना मिस्त्री जावयाला घेऊन आले, ते लेथ मशीनचं एक ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदलायला. स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या, तोंडाशी तेल ठिबकायचं. उद्यापासून याच मशीनवर जावई कामाला लागणार होता. त्या नोकरीसाठी मिस्त्रींनी मालकाचे उंबरे झिजवले होते. पहिल्याच दिवशी पोराच्या पायाखाली तेल नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दांड्याच्या टोकाचा पकड धरणारा चक उतरवला, झाकण काढलं, जुनं सील उचकटलं. त्याचा रबरी ओठ पार झिजला होता. पण मिस्त्रींना हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

"कोण हा दीडशहाणा? सील उलटं बसवलंय!"

"म्हणजे काय, मामा?"

"अहो जावईबापू, ज्याला अडवायचं त्याच्याकडे ओठ करायचा. तेल आत, म्हणून ओठ आत. या गड्यानं तो माणसाकडे केलाय. जसं काही बाहेरचंच आत शिरणार होतं!"

नवं सील त्यांनी सरळ बसवलं, जुनं तेल पूर्ण काढून चार लिटर नवं ओतलं. मशीनच्या अंगावरच्या, आतलं तेल दाखवणाऱ्या काचेत पातळी बरोबर निम्म्यावर आली. मशीन सुरू केलं. थेंबही गळेना. जावई खूश होऊन मशीनवर हात टेकून उभा राहिला.

"मामा, पाणी आहे का?"

बाटली त्यानं एका दमात संपवली. पाठोपाठ दुसरी. 'बकासुरच मिळालाय लेकीला,' असं म्हणत मिस्त्रींनी सहज काचेकडे पाहिलं आणि पुन्हा वाकून पाहिलं. चालत्या मशीनमध्ये तेल थोडं खाली उतरतं. हे वर चढलं होतं.

"मामा... अजून आहे?"

आवाज पार सुकलेला. ओठ पांढरे.

"हात काढ! आधी हात काढ तिथून!"

मेन स्विच पाडून त्यांनी त्याला लांब बाकावर बसवलं, आणि पूर्वी हे मशीन सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांना फोन लावला.

"उस्ताद, ते सील उलटं..."

"मीच बसवलं होतं." "बाहेर गळतं तोवर बरं, आत काही ओढत नाही, म्हटलं... तू सरळ केलंस? कोणी हात लावला त्याला?"

मिस्त्रींनी बाकावरच्या जावयाकडे पाहिलं. फोन तसाच टाकून त्यांनी तेल सोडायचं तळाचं बूच उघडलं. चार लिटर ओतलं होतं, डब्यात चार लिटरच आलं. धार थांबली. शेवटचा थेंबही पडला. काच मात्र अजून अर्ध्याहून जास्त भरलेलीच.

मागे नळ सुटल्याचा आवाज आला. जावई वाकून, ओंजळीमागून ओंजळ घटाघटा पाणी पीत होता.

आणि त्याच्या प्रत्येक घोटासरशी बंद मशीनच्या काचेतली पातळी केसभर वर सरकत होती.